गाभा एक, वाटा अनेक : लिनक्सच्या भावकीचा एक अभ्यास

२०२२ सालची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृह पुन्हा भरले होते आणि संगणक-कक्षातील तासिका सुरू झाल्या होत्या. कक्षात त्या वेळी तीन प्रकारची यंत्रे होती. काहींवर उबुंटू होते, काहींवर लिनक्स मिंट होते आणि देणगीत आलेल्या जुन्या ३२-बिट संगणकांवर डेबियन होते. नववीतील एका विद्यार्थिनीने 'युनेम' ही आज्ञा तिन्हींवर चालवून पाहिली. ही आज्ञा संगणकाला त्याच्या गाभ्याचा क्रमांक विचारते. उबुंटू आणि मिंट यांचे पडदे दिसायला निराळे. तरी दोघांनीही उत्तर एकच दिले. आरंभी ५.१५ हा क्रमांक आणि शेवटी 'जेनेरिक' हा शब्द. डेबियनने मात्र ५.१० सांगितले आणि शेवटी '६८६-पीएई' अशी खूण जोडली. "सर, ही दोन नावे एकाच गोष्टीची आहेत का? आणि हा तिसरा यांचा कोण लागतो?" असे तिने विचारले.

आमचा विषय इतिहास, संगणकशास्त्र नव्हे. परंतु 'कोण कोणाचा कोण लागतो' हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला परका नाही. त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे वाचत, विचारत आणि काही वेळा चुकत जे हाती लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढे मांडीत आहोत.

गाभा आणि वितरण

संगणक सुरू केल्यावर आपल्याला पडदा, खिडक्या, चित्रे दिसतात. त्यांच्या खाली, कधीही न दिसणारा एक कार्यक्रम सतत चालू असतो. कोणत्या कामाला प्रोसेसरचा किती वेळ द्यायचा, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यायची, कळफलक, डिस्क, नेटवर्क यांच्याशी बोलायचे कसे, हे सर्व तो ठरवतो. त्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे दाण्यातील गर. म्हणून या लेखात आम्ही 'गाभा' हाही शब्द वापरला आहे. काटेकोर अर्थाने लिनक्स हे या गाभ्याचेच नाव आहे.

नुसत्या गाभ्यावर कोणाला पत्र लिहिता येत नाही की हिशेब मांडता येत नाही. त्याच्याभोवती आज्ञा चालवणारी साधने, पडद्याची मांडणी, अक्षरसंच, लेखनाचे व गणनाचे कार्यक्रम, नवे कार्यक्रम बसवण्याची व्यवस्था असे सारे लागते. गाभा आणि हा सरंजाम एकत्र बांधून, तपासून, नाव देऊन जो संच लोकांना दिला जातो, त्याला वितरण म्हणतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही वितरणांची नावे होत. त्यामुळे दोन वितरणांचे पडदे भिन्न असूनही आतला गाभा एकच असणे हे नवल नाही.

गाभा सार्वजनिक कसा झाला

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या छोट्या प्रकल्पाची माहिती इतरांना कळवली. त्याच्या पहिल्या परवान्यात गाभ्याचे पैसे घेऊन वितरण करण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्याने तो परवाना बदलून ग्नू सार्वजनिक परवाना, म्हणजे जीपीएल, स्वीकारला. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू चळवळीतून आला होता. त्याचा आशय चार गोष्टींत सांगता येतो. कार्यक्रम कोणत्याही कामासाठी चालवावा, त्याची मूळ संहिता वाचावी, ती बदलावी आणि मूळ वा बदललेली प्रत इतरांना द्यावी. अट अशी, की प्रत देणाऱ्याने घेणाऱ्याला हेच अधिकार आणि मूळ संहिताही दिली पाहिजे.

ही अट नसती तर आज आपण ज्या भावकीचा अभ्यास करीत आहोत ती निर्माणच झाली नसती. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे सुरू झाली. डेबियनमधून २००४ मध्ये उबुंटू निघाले आणि उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट आले. दुसरीकडे रेड हॅटचे घराणे वाढले. प्रत्येकाने तोच गाभा घेतला, आपल्या गरजेप्रमाणे घडवला आणि पुढे दिला.

इतिहासातील एक दाखला

एकच संहिता अनेक ठिकाणी पोचवताना ती कोठे तशीच ठेवावी आणि कोठे बदलावी, हा प्रश्न आपल्या इतिहासात फार जुना आहे. सम्राट अशोकाचे चौदा मोठे शिलालेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात साम्राज्याच्या टोकाटोकांना कोरले गेले. आशय एका ठिकाणचा. परंतु गिरनारला, धौलीला आणि शाहबाजगढीला त्याची रूपे वेगळी दिसतात. पूर्वेकडील पाठांत जेथे 'ल' येतो तेथे गिरनारला 'र' येतो. शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे ब्राह्मीऐवजी उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी खरोष्ठी लिपी आहे. ज्या प्रदेशात जी बोली आणि जी लिपी चाले, ती तेथे वापरली गेली.

याहून महत्त्वाचा फरक कलिंगात आहे. धौली आणि जौगड येथे अकरा, बारा आणि तेरा क्रमांकांचे लेख गाळले असून त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख कोरले आहेत. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप सांगणारा तेरावा लेख कलिंगातच नाही. ही नजरचूक नव्हे. जिंकलेल्या प्रदेशासाठी केलेली ती विचारपूर्वक निवड दिसते. चौदाव्या लेखात तर स्वतः अशोकच सांगतो, की काही लेख संक्षिप्त, काही मध्यम, काही विस्तृत आहेत, सर्वच ठिकाणी सर्व काही योग्य ठरत नाही आणि लेखनिकाच्या हातून काही चुकाही झाल्या असतील. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे मिळाले. एवढ्या तुकड्यांवरूनही ते कोणत्या संहितेचे, हे अभ्यासकांना ओळखता आले. कारण गाभा समान होता.

लिनक्सच्या वितरणांकडे आम्ही याच दृष्टीने पाहू लागलो. मूळ संहिता एक आहे. कोणी लिपी बदलतो, कोणी एखादा भाग गाळतो, कोणी स्वतःचा भाग जोडतो. हे नेमके कसे घडते ते आता पाहू.

एकच गाभा वेगळा होण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग आवृत्तीच्या निवडीचा. मूळ गाभ्याची नवी आवृत्ती साधारणपणे दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. एवढ्या वेगाने शाळा, रुग्णालय किंवा बँक आपली यंत्रे बदलू शकत नाही. म्हणून वर्षाकाठी एखादी आवृत्ती दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडली जाते आणि तिच्यात नवे काही न घालता फक्त चुका दुरुस्त केल्या जातात. डेबियन ११ ने ५.१०, डेबियन १२ ने ६.१ आणि डेबियन १३ ने ६.१२ घेतली, या तिन्ही अशा दीर्घकालीन आवृत्त्या होत. उबुंटूचे वेळापत्रक वेगळे. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये त्याचे दीर्घकालीन वितरण निघते. एप्रिल २०२२ च्या वितरणात ५.१५ ही दीर्घकालीन आवृत्ती होती. एप्रिल २०२४ च्या वितरणात मात्र ६.८ होती. ती मूळ प्रकल्पाच्या दीर्घकालीन यादीत नाही, म्हणून तिची निगा उबुंटूच्या कंपनीला स्वतः राखावी लागते.

दुसरा मार्ग संरचनेचा. गाभा बांधण्यापूर्वी एक लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. हजारो प्रश्नांना 'हो', 'नाही' किंवा 'मॉड्यूल' असे उत्तर द्यायचे असते. 'हो' म्हटल्यास तो भाग गाभ्यातच कायमचा बसतो. 'मॉड्यूल' म्हटल्यास तो वेगळ्या धारिकेत राहतो आणि गरज पडेल तेव्हाच स्मृतीत येतो. 'नाही' म्हटल्यास तो भाग त्या गाभ्यात नसतोच. भरलेली प्रश्नावली बहुतेक वितरणे संगणकाच्या 'बूट' या निर्देशिकेत ठेवतात आणि ती कोणालाही वाचता येते. एकाच घराण्यातील दोघांची उत्तरेही कशी भिन्न असतात, याचे चांगले उदाहरण फेडोरा आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स यांचे आहे. डिस्कवर माहिती रचण्याची 'बीटीआरएफएस' नावाची एक पद्धत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या फेडोरा ३३ ने घरगुती संगणकांसाठी तीच मुख्य पद्धत केली. फेडोराच्या पायावर उभ्या राहणाऱ्या रेड हॅटच्या व्यावसायिक वितरणाने मात्र आठव्या आवृत्तीपासून तिला 'नाही' म्हटले आहे. एकाला नवे आजमावून पाहायचे आहे, दुसऱ्याला ग्राहकाला दिलेली अनेक वर्षांची हमी सांभाळायची आहे.

तिसरा मार्ग पॅचचा. पॅच म्हणजे संहितेतील कोणत्या ओळी काढायच्या आणि कोणत्या घालायच्या, एवढेच सांगणारी छोटी धारिका. गोधडीला ठिगळ लावावे तसे हे काम. जुन्या आवृत्तीत नव्या आवृत्तीतील दुरुस्ती मागे आणून बसवण्याची रीतही यातच येते. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीचा गाभा स्वतःचा क्रमांक ५.१४ सांगतो, परंतु नंतरच्या आवृत्त्यांतील शेकडो सुधारणा त्यात मागे आणून बसवलेल्या असतात. त्यामुळे केवळ क्रमांक पाहून गाभा जुना किंवा असुरक्षित ठरवणे चूक होय. इमारतीवरचा शिलान्यासाचा दगड वर्ष सांगतो. मागच्या वर्षी छप्पर बदलले हे तो सांगत नाही.

चौथा मार्ग प्रकारांचा. एकच वितरण एकाच संहितेतून निरनिराळ्या यंत्रांसाठी निरनिराळे गाभे बांधते. उबुंटूचा 'जेनेरिक' हा सर्वसाधारण संगणकांसाठीचा प्रकार होय. डेबियनचा '६८६-पीएई' हा ३२-बिट असूनही चार जीबीहून अधिक स्मृती हाताळू शकणाऱ्या जुन्या यंत्रांसाठीचा प्रकार. कारखान्यातील यंत्रांना ठरल्या क्षणी प्रतिसाद देणारा प्रकार वेगळा आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकासाठीचा प्रकार वेगळा. त्या विद्यार्थिनीने पाहिलेल्या शेपटीचा अर्थ हा असा होता.

वंशावळी दोन असतात

येथे आमची एक समजूत चुकीची ठरली. उबुंटू हे डेबियनचे अपत्य, तेव्हा त्याचा गाभाही डेबियनकडून येत असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नाही. उबुंटू आपले बहुतेक कार्यक्रम डेबियनकडून घेते. गाभा मात्र त्याचा स्वतंत्र गट थेट मूळ प्रकल्पाकडून घेतो आणि त्यावर आपले पॅच चढवतो. मिंटची रीत याच्या उलट. ते पडदा आणि साधने स्वतः घडवते. पण गाभा उबुंटूच्या भांडारातून जसाच्या तसा घेते. म्हणून उबुंटू आणि मिंट यांचे उत्तर अक्षरशः एक आले आणि आजोबा असलेल्या डेबियनचे वेगळे आले. मिंटचीच 'एलएमडीई' नावाची दुसरी शाखा थेट डेबियनवर बांधलेली असून तिचा गाभाही डेबियनचा असतो. वितरणाची वंशावळ एक आणि गाभ्याची वंशावळ दुसरी. दोन्ही स्वतंत्रपणे काढाव्या लागतात.

शिवाय नाती स्थिर नसतात. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या कक्षातील उबुंटूच्या यंत्रांनी नव्या यंत्रसामग्रीसाठी दिलेला ५.१९ हा गाभा घेतला, तर मिंटची यंत्रे ५.१५ वरच राहिली. दोन महिन्यांपूर्वी जुळलेली उत्तरे आता जुळेनात. तीच विद्यार्थिनी पुन्हा धावत आली. या वेळी आमच्याकडे उत्तर होते.

काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे ठरवते कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. उबुंटू आणि रेड हॅट यांच्यामागे कंपन्या आहेत. डेबियन ही स्वयंसेवकांची संघटना असून तिने १९९७ मध्ये आपला सामाजिक करार आणि १९९८ मध्ये आपली घटना लिखित स्वरूपात स्वीकारली. काही वायफाय वा ग्राफिक्स कार्डांना बंद स्वरूपाची फर्मवेअर लागते, जिची संहिता कोणाला वाचता येत नाही. २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ पासून अशी फर्मवेअर गाभ्यातून काढून वेगळी ठेवली जात असे. तत्त्व शुद्ध राहिले. पण नवशिक्याचा संगणक वायफायविना बसू लागला. अखेर २०२२ च्या शरद ऋतूत सभासदांनी मतदान करून ती फर्मवेअर स्थापनेच्या संचासोबत देण्यास मान्यता दिली आणि २०२३ च्या डेबियन १२ मध्ये तो निर्णय अमलात आला. निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी बोलता येईल. परंतु प्रश्न उघडपणे मांडणे, चर्चा करणे, मतदान घेणे आणि अल्पमतात गेलेल्यांनीही सोबत राहणे, ही रीत घटना मानणाऱ्यांना ओळखीची वाटावी.

मराठी कोठे राहते?

पालक विचारतात, "लिनक्समध्ये मराठी आहे का?" आहे, पण गाभ्यात नाही. गाभ्याला मराठी येत नाही, तशी तमिळही येत नाही. जोडाक्षरे नीट जुळवणे, वेलांटी योग्य जागी बसवणे, कळफलकावर मराठी टंकणे, ही कामे गाभ्याच्या वरच्या थरात होतात. म्हणूनच एकच गाभा जगातल्या सर्व भाषकांना पुरतो आणि भाषेसाठी काम करणाऱ्याला गाभ्याला हात लावावा लागत नाही.

या वरच्या थरात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. देवनागरीसाठीचा 'लोहित' अक्षरसंच रेड हॅटच्या पुणे येथील अभियंत्यांनी सांभाळला आणि तो मुक्त असल्यामुळे प्रतिस्पर्धी वितरणांनीही वापरला. मुंबईतील आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठी आवाजात उपलब्ध करून दिले आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, हे वितरण घडवले. २००७ मध्ये आलेले बॉस डेबियनवर आधारित असून सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात विकसित झाले. त्याची शाळांसाठीची 'एज्युबॉस' ही आवृत्तीही आहे. केरळने आपल्या शाळांसाठी वेगळी वाट निवडली. तेथील 'काइट' या शासकीय संस्थेचे वितरण उबुंटूवर आधारलेले आहे. दोन्ही ठिकाणी कोणी गाभा शून्यातून लिहिला नाही आणि त्याची आवश्यकताही नव्हती.

घेणे आणि परत देणे

आपल्या जिल्ह्यातील मुलांना कालव्याची भाषा सांगावी लागत नाही. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेने ओझरच्या बंधाऱ्याशी येते, तेथून डावा आणि उजवा कालवा फुटतो, कालव्यातून चाऱ्या आणि पोटचाऱ्या निघतात. आवर्तन सुटले की वरच्याला आधी मिळते आणि टेलचा शेतकरी वाट पाहत बसतो. लिनक्सच्या जगातही मूळ प्रकल्पाला वरचा प्रवाह आणि वितरणांना खालचा प्रवाह म्हणण्याची रीत आहे.

कालव्यातले पाणी मात्र वर जात नाही. येथे ते जाऊ शकते. खालच्या वितरणात कोणी चूक शोधून दुरुस्ती केली, तर ती वरच्या प्रकल्पाकडे पाठवता येते. तपासणीनंतर ती मूळ संहितेत गेली, की पुढल्या आवृत्तीसोबत सर्वांनाच मिळते. यात दात्याचाही लाभ आहे. जो आपला पॅच स्वतःपाशीच ठेवतो, त्याला प्रत्येक नव्या आवृत्तीवर तो पुन्हा बसवावा लागतो आणि ठिगळे वाढत गेली की एक दिवस ते अशक्य होते.

याची झळ आपल्या खिशातील मोबाइलला बसलेली आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. परंतु चिप बनवणारे आणि फोन बनवणारे त्यात आपापले असे काही मिसळत गेले, की मूळ दुरुस्त्या पुढे त्या फोनपर्यंत पोचेनाशा झाल्या. चांगल्या स्थितीतील फोन सुरक्षेच्या दृष्टीने टेलला राहिले. यावर उपाय म्हणून अँड्रॉइड १२ पासून, ५.१० या गाभ्यासह, गूगलने समान गाभा वेगळा आणि कंपन्यांची मॉड्यूले वेगळी अशी व्यवस्था सुरू केली.

परत देण्यावरून भांडणेही होतात. रेड हॅटच्या संहितेवरून तंतोतंत तसेच, पण विनामूल्य असे सेंटओएस हे वितरण बनत असे. डिसेंबर २०२० मध्ये त्याचे ते रूप बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. लगेच २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभी राहिली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या व्यावसायिक वितरणाची संहिता सर्वांसाठी खुली ठेवण्याचे थांबवले; ती ग्राहकांना मिळत राहिली. परवान्याची अक्षरे पाळली गेली की आशय मोडला गेला, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. आम्हांला त्यातून एवढे दिसले, की सार्वजनिक गोष्ट सार्वजनिक राहण्यासाठी तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसे लागतात.

आमचा एक प्रयोग

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले आणि त्याने ३२-बिट संगणकांसाठी गाभा बांधणे थांबवले. उबुंटू आणि मिंट यांनी ही यंत्रे त्याआधीच सोडली होती. देणगीत आलेले आमचे जुने संगणक आता भंगारात जाणार, अशी चर्चा सुरू झाली. वाचता वाचता लक्षात आले, की वितरणाने यंत्रे सोडली असली तरी मूळ गाभ्याने सोडलेली नाहीत. डेबियन १२ ला अजून दुरुस्त्या मिळत होत्या, त्यामुळे निकड नव्हती. पण उद्या लागणारी गोष्ट आज शिकावी म्हणून अकरावीच्या चार मुलांनी गाभा बांधायला घेतला. तीन वर्षांपूर्वी पहिला प्रश्न विचारणारी मुलगी तेव्हा बारावीत होती. अभ्यास सांभाळून तीही येत असे.

मुलांनी ६.१२ ची संहिता घेतली आणि डेबियनची जुनी प्रश्नावली तिला लावली. कक्षातील त्यातल्या त्यात नव्या संगणकावर रात्रभर बांधणी चालली तरी ती पूर्ण झाली नाही. मग त्यांनी एक सोय वापरली. या क्षणी वापरात असलेली मॉड्यूले तेवढी ठेवायची आणि उरलेली गाळायची, असे ती सोय करते. पाऊण तासात बांधणी झाली, जुना संगणक सुरू झाला, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मग एकाने पेनड्राइव्ह लावला आणि तो काही केल्या दिसेना. यादी बनवताना पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून त्याचे मॉड्यूल 'वापरात नाही' ठरून गळून गेले होते. प्रिंटरचेही तेच झाले. चूक आमचीच, यादी बनवण्याआधी सर्व उपकरणे जोडायला हवी होती. दुसऱ्या खेपेस तसे केले आणि गाभा नीट चालला.

'नाही' या एका उत्तराने काय जाते, हे मुले त्या दिवशी शिकली. यादी करताना जो समोर नसतो तो गळतो. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुले वसतिगृहात सांभाळणाऱ्या शाळेला हा धडा निराळा समजावून सांगावा लागत नाही.

अधिकार आणि सामर्थ्य

शेवटी मनात राहिलेला एक विचार. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत त्या पाण्याला कोणाचा हात लागला नव्हता. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये मिळाला.

हे साम्य ताणू नये. संहिता वाचणाऱ्यावर कोणी लाठ्या चालवीत नाही आणि महाडच्या संघर्षाची तुलना संगणक-कक्षातील प्रयोगाशी होऊ शकत नाही. साम्य एवढ्याच ठिकाणी आहे, की खुले असणे आणि वापरता येणे यांत अंतर असते. गाभ्याची संहिता १९९२ पासून आपल्यालाही खुली आहे. परवान्याच्या अटी पाळणाऱ्याकडून ते अधिकार काढून घेता येत नाहीत. परंतु ती इंग्रजीत आहे, अवघड आहे आणि आपल्या मुलांना संगणक म्हणजे बटण दाबण्याचे यंत्र एवढेच बहुधा शिकवले जाते. ज्यांना वाचता येते ते गाभा आपल्या गरजेप्रमाणे घडवतात. ज्यांना येत नाही ते इतरांच्या निवडीवर जगतात. आमचे जुने संगणक भंगारात गेले असते ते अधिकार नव्हता म्हणून नव्हे. तो वापरण्याचे ज्ञान नव्हते म्हणून.

तेव्हा शाळेने शिकवायचे ते एका वितरणाचे नाव नव्हे. आज उबुंटू आहे, उद्या दुसरे येईल. गाभा कोठून येतो, त्यात कोणी काय घातले आणि काय गाळले, ते आपल्याला कसे पाहता येईल आणि आपण केलेली दुरुस्ती परत कशी देता येईल, हे शिकवायचे. आपल्या शाळेतून अजून एकही पॅच मूळ प्रकल्पाकडे गेलेला नाही. पुढील स्मरणिकेत ते वाक्य बदलावे लागावे, अशी आमची इच्छा आहे.

स्वाध्याय

१. आपल्या संगणकावर 'युनेम' आज्ञा चालवा. उत्तरातील क्रमांक आणि शेवटची खूण यांचा अर्थ लिहा.
२. डेबियन, उबुंटू, मिंट आणि एलएमडीई यांची वितरणाची वंशावळ आणि गाभ्याची वंशावळ अशा दोन आकृत्या काढा.
३. 'बूट' निर्देशिकेतील संरचनेची धारिका उघडा. 'हो', 'मॉड्यूल' आणि 'नाही' अशी प्रत्येकी तीन उत्तरे शोधा आणि कारणांचा अंदाज करा.
४. गिरनार आणि धौली येथील अशोकाच्या लेखांतील फरक सांगा. त्यांतील कोणता फरक संरचनेसारखा आणि कोणता पॅचसारखा आहे, हे सकारण लिहा.
५. डेबियनच्या २०२२ च्या मतदानात आपण कोणत्या बाजूने मत दिले असते? वर्गात चर्चा करा आणि विरोधी मतही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडा.